चौथीत तुटणारी भाषा

कागदावर एक कोन काढा. दोन सरळ रेघा, एका टोकाला मिळालेल्या. टोक वर असेल तर वाचायचं ‘पि’. टोक उजवीकडे वळवलं की ‘पु’, डावीकडे वळवलं की ‘प’. स्वरासाठी वेगळं अक्षर नाही. व्यंजनच कूस बदलतं आणि त्यातून स्वर कळतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. तिथले इनुइट लोक आपली इनुक्टिटुट भाषा अशी लिहितात. इकालुइट या राजधानीच्या गावात रस्त्यावरच्या ‘थांबा’च्या लाल पाटीवरसुद्धा ही अक्षरं दिसतात.

मराठी वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल, आणि त्याला कारण आहे. जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने १८४० मध्ये कॅनडातल्या नॉर्वे हाउस इथे तिथल्या क्री आदिवासींच्या भाषेसाठी ही लिपी घडवली, तेव्हा त्याच्यापुढे पिटमनची लघुलिपी होती आणि आपली देवनागरीही होती, असं लिपींचे अभ्यासक सांगतात. चहाच्या पेट्यांना आतून लावलेला शिशाचा पत्रा वितळवून त्याने छपाईचे खिळे ओतले. पुढे हीच लिपी इनुइटांसाठी जुळवून घेतली गेली आणि एडमंड पेक यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी ती रुजवली. पण पसरवली ती लोकांनीच. शिकारीच्या एका तळावरचा माणूस दुसऱ्या तळावर गेला की तिथल्यांना अक्षरं शिकवायचा; कित्येक ठिकाणी मिशनरी पोचायच्या आधीच लोक वाचू लागले होते. शाळा नव्हती, मास्तर नव्हता, तरी माणसं आपल्या भाषेत साक्षर झाली.

शाळा आली ती नंतर, आणि तिथूनच भाषा उतरणीला लागली. हा काही योगायोग नाही. इनुक्टिटुटविषयी बोलताना ‘अस्तंगत होत चाललेली’, ‘अखेरच्या घटका मोजणारी’ असे शब्द वापरले जातात. मला ते मान्य नाहीत. ही भाषा म्हातारपणाने थकलेली नाही. तिला एका ठरावीक जागी, एका ठरावीक वयात तोडलं जातं. ती जागा म्हणजे शाळेची चौथी इयत्ता. तोडणारा हात सरकारचा आहे आणि तो मागे घेणंही सरकारच्याच हातात आहे.

आधी भाषा थोडी जवळून पाहू. ‘तुसात्सिआरुन्नांगित्तुआलूयुंगा’ हा एक शब्द आहे. अर्थ: ‘मला फारसं नीट ऐकू येत नाही.’ सुरुवातीचं ‘तुसा’ म्हणजे ऐकणं. मग नीटपणा, मग शकणं, मग नकार, मग ‘फार’, आणि शेवटी ‘युंगा’ म्हणजे मी. आख्खं वाक्य एका धातूच्या अंगावर चढत जातं. ‘गावाबाहेरच्यांनासुद्धा’ हा शब्द आपण सहज बोलून जातो, तेव्हा आपणही एका नामावर चार मजले चढवलेले असतात. इनुक्टिटुट तीच वाट कितीतरी पुढे नेते. आणखी एक गोष्ट. एक माणूस असेल तर ‘इनुक’, दोन असतील तर ‘इनूक’, तीन किंवा जास्त असतील तर ‘इनुइट’. संस्कृतच्या तासाला ‘रामः रामौ रामाः’ घोकताना आपल्याला जे द्विवचन भेटतं आणि मराठीत ज्याचा मागमूसही उरलेला नाही, ते तिथे पाच वर्षांचं पोर खेळता खेळता वापरतं. ‘किती अवघड भाषा!’ असं कुणी म्हणतं तेव्हा मला त्या पोराची आठवण करून द्यावीशी वाटते.

त्या भाषेत आईला ‘अनाना’ म्हणतात आणि वडिलांना ‘अताता’. मूल जन्माला आलं की त्याला गेलेल्या नातलगाचं किंवा स्नेह्याचं नाव ठेवायची रीत आहे. नावाला स्त्री-पुरुष असा भेद नाही. नावाबरोबर नातंही येतं. आजीचं नाव मिळालेल्या मुलाला त्याची स्वतःची आई ‘अनाना’ म्हणून हाक मारू शकते, कारण त्याच्या रूपाने तिची आईच घरात परत आलेली असते. आपल्याकडे मुलाला सासऱ्यांचं नाव ठेवलं की सून ते नाव उच्चारायची नाही, मुलाला ‘अप्पा’ नाहीतर ‘भाऊ’ म्हणायची. त्यामुळे नावाभोवतीची ही अदब मराठी घराला समजावून सांगावी लागणार नाही.

कॅनडा सरकारला मात्र ही नावं नोंदवहीत बसवता येईनात. मग १९४१ पासून इनुइटांना बिल्ले दिले गेले. नाण्यासारखा गोल बिल्ला, भोक पाडून दोरीत ओवलेला, वर मुकुटाचं चिन्ह आणि खाली क्रमांक. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’ आणि पुढे आकडे. सरकारी कागदावर माणूस म्हणजे तो क्रमांक. हे सत्तरच्या दशकापर्यंत चाललं. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट गृहस्थांनी गावोगाव फिरून लोकांकडून आडनावं ठरवून घेतली, तेव्हा कुठे बिल्ले सुटू लागले. साठीच्या पुढचे कितीतरी इनुइट आज आपला क्रमांक तोंडपाठ सांगू शकतात. ज्या सरकारला माणसाचं नाव उच्चारायचा कंटाळा होता, त्याच सरकारने त्या माणसाच्या मुलांसाठी शाळा काढल्या.

त्या शाळा इंग्रजी होत्या. काही निवासी होत्या, काही दिवसाच्या. आपली भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा होत असे, हे आता कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाच्या २०१५ च्या अहवालात कायमचं नोंदलेलं आहे. पालकांनी मुलं पाठवली कशी, असं विचारणारे आजही भेटतात. याचं उत्तर बॅफिन बेटाच्या परिसरातल्या लोकांनी क्विकिक्तानी सत्य आयोगापुढे दिलं आहे: मुलांना शाळेत घातलं नाही, तळ सोडून वस्तीत राहायला आलात नाही, तर कुटुंबभत्ता बंद होईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. इनुक्टिटुटमध्ये ‘इलिरा’ असा एक शब्द आहे. समोरच्याच्या हातात आपलं बरंवाईट आहे, तो रागावेल, तो आपल्याला कमी लेखेल, या जाणिवेने तोंडातून नकार न फुटणं म्हणजे इलिरा. गोऱ्या अधिकाऱ्यापुढे आईबापांनी मान हलवली ती या इलिरापोटी. त्या मान हलवण्याला ‘पालकांची संमती’ म्हणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

जिथे लोकांना खरोखर विचारलं गेलं, तिथे त्यांनी काय उत्तर दिलं तेही पाहा. सत्तरच्या दशकात उपग्रहामुळे आर्क्टिकमधल्या वस्त्यांना दूरदर्शन मिळण्याची सोय झाली. इग्लूलिक गावाने १९७५ मध्ये मतदान करून ते नाकारलं. १९७९ मध्ये पुन्हा नाकारलं. म्हणणं एकच होतं: त्यात आमच्या भाषेतलं काही नाही. वर्षातले कित्येक आठवडे सूर्य न उगवणारं गाव, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि घरात बसल्या जागी मिळणारी करमणूक त्या लोकांनी दोनदा दाराबाहेर ठेवली. इनुइटांची स्वतःची प्रसारणसंस्था सुरू होऊन पडद्यावर इनुक्टिटुट ऐकू येण्याची चिन्हं दिसली, तेव्हाच त्या गावाने दूरदर्शन घेतलं. असं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. या लोकांना भाषेचं सोयरसुतक नाही, असं मग कोणी कुठल्या तोंडाने म्हणावं?

१ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास, वस्त्या २५, आणि शंभरातले ८५ लोक इनुइट. आपली विधानसभा, आपलं सरकार, आपल्या भाषेला राजभाषेचा मान. आता भाषा सुरक्षित झाली, असंच कुणालाही वाटेल. पण जनगणनेचे आकडे उलटं सांगतात. २००१ मध्ये नुनावुतमधल्या सुमारे ७२ टक्के लोकांची मातृभाषा इनुइट होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं. स्वतःचं राज्य आल्यावरच्या पंधरा वर्षांतली ही घसरण आहे. पश्चिमेकडच्या कुग्लुक्तुक आणि केंब्रिज बे भागातल्या इनुइनाक्तुन या भगिनीभाषेची स्थिती तर फारच नाजूक आहे. तिचे बोलणारे काहीशेच उरलेत आणि त्यांत पिकल्या केसांचे जास्त आहेत.

राज्य आलं तरी शाळा तीच राहिली, हे त्याचं कारण. बहुतेक गावांत तिसरीपर्यंत इनुक्टिटुटमधून शिकवायचं आणि चौथीत एकदम इंग्रजी. चौथीतलं मूल म्हणजे नऊ वर्षांचं. आपल्या भाषेत नुकतं कुठे धडपणे वाचू-लिहू लागलेलं, आणि इंग्रजी अजून अंगवळणी न पडलेलं. त्या वयात पायाखालची जमीन काढून घेतली की मूल ना इकडचं राहतं ना तिकडचं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी २००६ मध्ये केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात नेमकं हेच मांडलं. इनुइट मुलांपैकी जेमतेम पाव मुलं शालान्त टप्पा पार करत होती. ज्या करारातून हा प्रदेश जन्माला आला त्या नुनावुत करारानुसार सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येइतकं, म्हणजे ८५ टक्क्यांच्या घरात असायला हवं होतं. ते ४५ टक्क्यांवर अडून बसलं होतं. नोकऱ्यांच्या प्रश्नाचा निकाल लावायला नेमलेला माणूस शेवटी शाळेच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, दोन्ही भाषांतून भक्कम शिक्षण द्या, त्यासाठी केंद्राने पैसा द्यावा.

कायदाही झाला. २००८ मध्ये नुनावुतच्या विधानसभेने शिक्षण कायदा आणि इनुइट भाषा संरक्षण कायदा असे दोन कायदे केले. आधी खालच्या इयत्ता, मग २०१९ पर्यंत सगळ्याच इयत्तांत इनुइट भाषेतून शिक्षण मिळण्याचा हक्क. अकरा वर्षांची मुदत होती. ती उलटली. शिक्षक तयार झाले नाहीत, पुस्तकं तयार झाली नाहीत, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच विधानसभेने दुरुस्ती करून मुदत पुढे ढकलली, थेट २०३९ पर्यंत. आणि २०३९ पर्यंत तरी काय मिळणार? बारावीपर्यंत इनुइट भाषा हा विषय. गणित, विज्ञान, इतिहास त्या भाषेतून कधी, याला तारीखच नाही.

याचा हिशेब बोटांवर करता येतो. ही दुरुस्ती मंजूर झाली त्या महिन्यात इकालुइटमध्ये जन्मलेलं मूल २०२५ च्या सुमारास बालवर्गात जातं आणि २०३८ मध्ये बारावी होतं. म्हणजे वचन पुरं व्हायच्या आत त्याची शाळा संपलेली असेल. विधानसभेत बहुसंख्य आमदार इनुइट असताना हे घडलं, आणि त्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. नुनावुत टुनगाविक ही इनुइटांचे करारातले हक्क सांभाळणारी संस्था ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच प्रदेश सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. आपल्याच माणसांवर खटला भरायची वेळ येणं ही काही सुखाची गोष्ट नाही, पण त्यांनी तो भरला हे योग्यच केलं.

सरकारचं पहिलं म्हणणं: शिक्षक नाहीत. खरंच नाहीत. पण का नाहीत? जो मुलगा चौथीपासून सगळं इंग्रजीत शिकला, त्याला मोठेपणी नववीचं विज्ञान इनुक्टिटुटमध्ये कसं शिकवता येईल? शाळेने शिक्षक घडवायचे थांबवले आणि आता शिक्षक नाहीत म्हणून शाळा बदलत नाही. हे चक्र कुठेतरी हट्टाने तोडावं लागतं. इकालुइटमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग १९७९ पासून चालू आहे. त्यातून उत्तम शिक्षिका बाहेर पडल्या आहेत. त्या वर्गाला दुप्पट-चौपट बळ द्यायचं, गावातल्या जाणत्या बायकांना पदवी नसली तरी पूर्ण पगारावर वर्गात बसवायचं, हे आज ठरवलं तर उद्या सुरू होण्यासारखं आहे.

दुसरं म्हणणं: बोली अनेक, लिप्याही दोन, पुस्तकं कोणत्या भाषेत छापायची? अडचण आहेच. लॅब्राडोरमध्ये आणि पश्चिमेकडे रोमन लिपी चालते, बाकी बऱ्याच भागात ती कोनांची लिपी. कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये सर्वांसाठी एक समान रोमन लेखनपद्धती संमत केली, तेव्हा ज्यांचा कोनांच्या लिपीवर जीव आहे त्यांना ते टोचलं. गोव्यात रोमी आणि देवनागरी कोंकणीवरून माणसं किती दुखावली गेली ते आपण पाहिलंय, म्हणून या प्रश्नाला मी हलक्यात घेत नाही. पण हा वाद इनुइटांनी आपसांत सोडवायचा आहे. त्याचं निमित्त करून दोन्ही लिप्यांमधली पुस्तकं अडवून ठेवायची, ही लबाडी आहे.

तिसरं म्हणणं पैशाचं, आणि इथे मात्र ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे, पाहावं लागतं. कॅनडाच्या १९८२ च्या घटनेत २३ वं कलम आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत शाळा मिळण्याचा हक्क ते देतं. त्यामुळे इकालुइटमध्ये काहीशे फ्रेंचभाषकांसाठी स्वतंत्र फ्रेंच शाळा आहे. असायलाच हवी, त्या मुलांचा हक्क कुणी काढून घ्यावा असं मी म्हणत नाही. पण त्याच गावात, ज्या प्रदेशात इनुइट ८५ टक्के आहेत तिथे, इनुइट मुलाला चौथीपासून स्वतःच्या भाषेत शिकता येत नाही. इनुइट संघटनांनी काही वर्षांपूर्वी हिशेब मांडला होता: केंद्र सरकार नुनावुतमध्ये फ्रेंच बोलणाऱ्या माणसामागे सुमारे ८,००० डॉलर खर्च करतं, आणि इनुइट भाषा बोलणाऱ्यामागे २०० डॉलरसुद्धा नाहीत. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘भाषा आपोआप मरतात’ हे वाक्य माझ्या तरी गळ्याखाली उतरत नाही. २०१९ मध्ये केंद्राने आदिवासी भाषांचा कायदा केला, त्यात इनुइट भाषेसाठी ठोस हक्क काहीच नाहीत, अशी इनुइट नेत्यांची तक्रार तेव्हापासून आहे.

हीच विषमता २०२१ च्या जुलैमध्ये जगाने पाहिली. मेरी सायमन या कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या आदिवासी. त्यांना इनुक्टिटुट आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येतात, फ्रेंच येत नव्हतं. भाषा आयुक्तांकडे हजारावर तक्रारी गेल्या: दोन राजभाषा न येणारी व्यक्ती या पदावर कशी? सायमन यांनी शांतपणे सांगितलं की लहानपणी सरकारच्याच शाळेत त्यांना फ्रेंच शिकण्याची संधी नाकारली गेली होती, आणि आता त्या शिकतील. दोन भाषा येणारी बाई ‘द्विभाषिक’ ठरत नाही, कारण तिची पहिली भाषा मोजायच्या यादीतच नाही. त्या जमिनीवर इंग्रजी-फ्रेंच पोचण्याआधी शेकडो वर्षं बोलली गेलेली ही भाषा आहे.

हे बदलता येतं, याचा पुरावा समुद्रापलीकडे ग्रीनलंडमध्ये आहे. इनुक्टिटुटची बहीण कलालिसुत तिथली भाषा. राजधानी नूकमध्ये १८४० च्या दशकापासून शिक्षक घडवणारी संस्था आहे, १८६१ पासून त्या भाषेत वर्तमानपत्र आहे. आपलं ‘दर्पण’ निघालं त्यानंतर तीस वर्षांच्या आत! विसाव्या शतकाच्या मध्याला डेन्मार्कने तिथेही शाळांत डॅनिशचा रेटा लावला आणि भाषा मागे हटू लागली. १९७९ मध्ये स्वशासन आल्यावर लोकांनी शाळा परत आपल्या भाषेत आणली. २००९ पासून ती एकमेव राजभाषा आहे. लोकसंख्या ५६ हजार. आपल्याकडे एखाद्या मध्यम तालुक्यात याहून जास्त माणसं असतात. तेवढ्या लोकांच्या भाषेत संसद चालते, बातम्या चालतात, पोरं कविता करतात.

ग्रीनलंडचं उदाहरण अगदी निर्मळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्व किनाऱ्यावरची बोली आणि उत्तरेला कानाक भागातली इनुक्तुन यांना शाळेत जागा मिळालेली नाही. तिथल्या मुलांना आधी पश्चिमेची कलालिसुत शिकावी लागते. छोट्या भाषेच्या पोटातही आणखी छोटी भाषा असते, आणि मोठीने केलेला अन्याय मधलीही करू शकते. नुनावुतमध्ये इनुइनाक्तुनच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून आत्ताच डोळ्यांत तेल घालून बसायला हवं.

इतक्या दूरच्या गोष्टीचं इथे काय, असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलगरीत आपली कितीतरी माणसं आहेत. गणपती बसवतात, रविवारी मुलांना मराठीच्या वर्गाला नेतात. जून २०२१ मध्ये कॅनडाने नागरिकत्वाच्या शपथेत बदल केला. तेव्हापासून जो कोणी नागरिक होतो, तो हात वर करून म्हणतो की फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेती लोकांचे मूळनिवासी आणि करारातले हक्क मान्य करणारी इथली घटना मी पाळीन. सातारा-सांगलीहून तिकडे गेलेल्या मुलीने ‘इनुइट’ हा शब्द त्या देशाच्या साक्षीने उच्चारलेला आहे. आता तिच्या खासदाराला ती चार ओळींचं पत्र लिहू शकते: इकालुइटच्या शाळेत चौथीपासून इनुक्टिटुटमधून शिक्षण का नाही, २०३९ पर्यंत का थांबायचं, आणि त्या शिक्षिकांच्या पगारासाठी या वर्षीच्या अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली आहे?